मसावि काढून देणारं ॲप: भागाकाराच्या टॅबसाठी ठेवलंय, उरलेलं बेताचंच

मसावि (दिलेल्या संख्यांना भाग जाणारी सगळ्यात मोठी संख्या) आणि लसावि (त्या सगळ्यांनी भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या) काढून देणारं एक फुकट ॲप बरेच दिवस फोनमध्ये आहे, पोरांना गणित शिकवताना लागतं म्हणून घेतलेलं, आता त्याला पुरेसं पिळून झालंय म्हणून लिहितोय. नाव मुद्दाम देत नाही, कारण ह्याच साच्यातून काढलेली ढीगभर ॲप्स आणि साइट्स आहेत, रंग बदलला की दुसरं ॲप, त्यामुळे तुमच्याकडे जे असेल त्यावर हेच सगळं करून बघा, पाच मिनिटांत कळेल काय दर्जाचं आहे ते.

एक आधीच सांगतो, उत्तर बरोबर येतं का हा ह्या रिव्ह्यूचा मुख्य मुद्दाच नाही. ४८ आणि १८ टाका, कुठेही टाका, ६ च येणार. ज्याला नुसतं उत्तर पाहिजे त्याने ॲप कशाला घ्यायचं, स्प्रेडशीटमध्ये जीसीडी नावाचं फंक्शन असतं, दोन आकडे दिले की काम झालं. ॲप घ्यायचं ते उत्तराच्या खाली काय दाखवतंय त्याच्यासाठी. आणि तिथेच ह्या ॲपने सगळ्यात चांगली गोष्ट सगळ्यात मागे लपवून ठेवलीय, माझी खरी तक्रार ती आहे.

उघडल्या उघडल्या दोन चौकटी आणि एक हिरवं बटण, स्क्रीन साधी आहे, आवडली. पण चौकटीवर बोट ठेवलं की पूर्ण एबीसीडीवाला कीबोर्ड वर येतो, अरे आकडे टाकायचेत ना, मग आकड्यांचा कीबोर्ड द्या की. ४८ देवनागरीत टाकलं तर "योग्य संख्या टाका" म्हणतो. ॲपची भाषा मराठी निवडता येते, सूचना मराठीत, टॅबची नावं मराठीत आणि मराठी आकडे मात्र चालत नाहीत, म्हणजे कमाल आहे. ह्याच्याहून वाईट म्हणजे स्वल्पविराम. कुठून तरी कॉपी करून २,४९१ आणि २,२७९ असं पेस्ट केलं तर हे बहाद्दर स्वल्पविरामापर्यंतच वाचतं, दोन्हीकडे २ पकडतं आणि आत्मविश्वासाने सांगतं मसावि २. दोन्ही संख्या विषम, शेवटचा अंक १ आणि ९, आणि मसावि २! एरर दिली असती तर चाललं असतं हो, पण गुपचूप चुकीचं उत्तर देणं म्हणजे शिकणाऱ्या पोराचा घातच.

बरं आता टॅब. चार आहेत: मूळ अवयव, सगळे विभाजक, वजाबाकी, भागाकार. उघडतं ते मूळ अवयवांवर, आणि बहुतेक जण तिथून पुढे जातच नसणार.

मूळ अवयवांचा टॅब लहान संख्यांना छान आहे, खोटं कशाला बोला. ३६० आणि ७५६ टाकलं तर एकाखाली एक मांडून दाखवतो, ३६० म्हणजे २×२×२×३×३×५, ७५६ म्हणजे २×२×३×३×३×७, मग जे दोघांच्यात सामाईक आहेत त्यांना रंग देतो, दोन २ आणि दोन ३, गुणाकार ३६. रंगामुळे पोरांना पटकन कळतं की ३६० मधला तिसरा २ का सोडला आणि ७५६ मधला तिसरा ३ का सोडला, हे वहीत समजावताना घसा कोरडा पडतो तो इथे वाचतो. दोन्ही आकड्यांचे घात बघायचे आणि लहान घात घ्यायचा, एवढंच आहे ते.

पण आता तोच टॅब २४९१ आणि २२७९ ला वापरा (स्वल्पविराम न देता, हां). तो लिहितो २४९१ = ४७×५३, २२७९ = ४३×५३, मसावि ५३, संपलं. अहो पण ४७ आणि ५३ सुचले कुठून? २ ने जात नाही, ३ ने नाही, ५, ७, ११, १३ असं एकेक मूळ संख्या लावत ४७ पर्यंत यायचं, म्हणजे पंधरावी मूळ संख्या लावल्यावर पहिल्यांदा भाग जातो, आणि ही सगळी ओढाताण ॲपने मनातल्या मनात केली आणि पोराला आयतं उत्तर दिलं. त्याला वाटतं आपल्यालाच दिसलं नाही. जी पायरी अवघड आहे नेमकी तीच गाळायची आणि सोपा गुणाकार रंगीत करून दाखवायचा, ह्याला स्टेप्स म्हणत नाहीत.

आता ह्याच दोन संख्या घेऊन भागाकाराच्या टॅबवर जा, जो शेवटचा आहे, आणि लहान स्क्रीनवर तर सरकवल्याशिवाय दिसतही नाही. तिथे असं येतं:

२४९१ = १ × २२७९ + २१२
२२७९ = १० × २१२ + १५९
२१२ = १ × १५९ + ५३
१५९ = ३ × ५३ + ०

चार ओळी. कुठलीही मूळ संख्या शोधायची नाही, अंदाज नाही, नशीब नाही. मोठ्याला लहानाने भागा, बाकी उरली की आधीचा भाजक झाला भाज्य आणि बाकी झाली भाजक, पुन्हा भागा, बाकी शून्य आली की थांबा, शेवटचा भाजक ५३ हाच मसावि. ज्याला साधा भागाकार येतो त्याला हे येतंच. प्रत्येक ओळीवर बोट ठेवलं की उभी मांडणी उघडते, भाज्य भाजक बाकी सगळं वहीत करतो तसं, आणि बाकीचा आकडा उडी मारून पुढच्या ओळीत भाजकाच्या जागी जाऊन बसतो. ती उडी मारणारी बाकी ही ह्या ॲपमधली सगळ्यात भारी गोष्ट आहे. ज्याने कोणी ती केली त्याला गणित कळतं, आणि टॅबचा क्रम ज्याने लावला तो बहुतेक दुसरा कोणीतरी.

ह्याच टॅबमध्ये "का?" असं एक बारकं बटण आहे, ते दाबायला विसरू नका. ४८ आणि १८ चं उदाहरण घेऊन सांगतो ते असं, की दोघांनाही भाग जाणारी कुठलीही संख्या घ्या, ४८ मधून १८ दोनदा काढले तर उरलेल्या १२ लाही ती जाणारच, आणि उलटं बघितलं तर १८ आणि १२ ला जाणारी संख्या ४८ ला पण जाते कारण ४८ म्हणजे दोन वेळा १८ आणि वर १२. म्हणजे ४८-१८ चे सामाईक विभाजक आणि १८-१२ चे सामाईक विभाजक, यादी तीच, एक कमी नाही एक जास्त नाही. यादी तीच तर त्यातला सगळ्यात मोठा पण तोच. मग मोठ्या जोडीचं काम लहान जोडीवर ढकलत जायचं. एवढं चार वाक्यांत सांगितलंय, एकही जड शब्द नाही, फुल मार्क.

आणि त्याच्याखाली चित्र. ४८ लांब आणि १८ रुंद असा आयत काढतो, त्यात १८ चे दोन चौरस बसवतो, उरली १२ रुंदीची पट्टी, तिच्यात १२ चा एक चौरस, मग उरतो १२ बाय ६ चा तुकडा, त्यात ६ चे दोन चौरस आणि सगळं भरलं, काही उरलं नाही. शेवटचा चौरस ६ चा आणि अख्ख्या आयतात ६ बाय ६ च्या फरश्या न तोडता बसतात हे लगेच जाळी काढून दाखवतो. आकड्यांना घाबरणारी पोरं इथे बरोबर थांबून बघतात. एकच, मोठ्या संख्यांना शेवटचे चौरस ठिपक्याएवढे होतात आणि झूम करता येत नाही, तेवढं करायला पाहिजे.

संख्यांची अदलाबदल केली, म्हणजे १८ आधी आणि ४८ नंतर, तर ॲप न सांगता आतल्या आत क्रम फिरवतं. फिरवायची खरं तर गरजच नाही. १८ ला ४८ ने भागा, भागाकार ०, बाकी १८, पुढच्या ओळीत आपोआप ४८ भागिले १८ येतं, फक्त एक ओळ वाढते. ती ओळ दाखवली असती तर पोरांना मजा आली असती, पण ठीकय, ही काय तक्रार नाही.

भागाकाराच्या टॅबला त्रास द्यायचा म्हणून ९८७ आणि ६१० टाकून बघितलं. ह्या फिबोनाचीच्या मालिकेतल्या (जिथे प्रत्येक संख्या म्हणजे आधीच्या दोघांची बेरीज) लागोपाठच्या संख्या, आणि ह्या पद्धतीला सगळ्यात जास्त दमवणाऱ्या त्याच, कारण शेवटची ओळ सोडली तर दर वेळी भागाकार १ येतो आणि संख्या जेमतेम कमी होते. ३७७, २३३, १४४, ८९ असं करत करत चौदाव्या भागाकाराला बाकी शून्य, मसावि १. चौदाही ओळी नीट आल्या, स्क्रोल अडकलं नाही, खाली "एकूण पायऱ्या १४" असंही लिहिलं होतं. गॅब्रिएल लामे नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८४४ साली दाखवून दिलंय की लहान संख्येत जितके अंक असतील त्याच्या पाचपटीपेक्षा जास्त पायऱ्या कधीच लागत नाहीत, इथे तीन अंक म्हणजे मर्यादा पंधरा, आणि आपल्या चौदा झाल्या, म्हणजे मर्यादेला अगदी खेटून. ॲपने पायऱ्या मोजून दाखवल्याच आहेत तर ही मर्यादा पण शेजारी लिहा ना राव, फुकटचं आहे.

वजाबाकीचा टॅब म्हणजे तेच काम पण भागाकार न करता, मोठ्यातून लहान वजा करत राहायचं. अगदी नवख्याला आधी हाच दाखवावा, कारण भागाकार म्हणजे एकदम केलेल्या वजाबाक्या हे त्यातून कळतं. पण ॲपला कुठे थांबायचं कळत नाही. १००० आणि ३ टाकलं तर १००० वजा ३, ९९७ वजा ३, ९९४ वजा ३ असं करत ३३५ ओळी छापतो, बोट दुखेपर्यंत स्क्रोल करा. भागाकारात हेच दोन ओळीत होतं. चार-पाच ओळींनंतर "अशा एकूण ३३३ वजाबाक्या" असं लिहिलं असतं तर पोराला स्वतःलाच सुचलं असतं की अरे हा तर भागाकार झाला. हातातोंडाशी आलेला घास घालवला.

"सगळे विभाजक" हा टॅब काढून टाकला तरी चालेल. २४ आणि ३६ ला ठीक आहे, १, २, ३, ४, ६, ८, १२, २४ अशी यादी, शेजारी दुसरी यादी, सामाईकांना गोल, सगळ्यात मोठा १२. पण ९९९९८५९९९९४९ आणि ९९९९८३ टाकलं की गोल चक्र फिरायला लागतं आणि फिरतच बसतं, फोन तापतो, शेवटी ॲप बंद करावं लागतं. बहुधा १ पासून एकेक संख्या लावून बघत असणार, आणि ह्या बारा अंकी संख्येला ९९९९८३ आणि १०००००३ ह्या दोन मूळ संख्या सोडल्या तर १ आणि ती स्वतः, बास, एवढेच विभाजक आहेत, त्यामुळे बिचारं उपाशी फिरतंय. तीच जोडी भागाकाराच्या टॅबमध्ये एका ओळीत सुटते, बाकी शून्य, मसावि ९९९९८३.

ह्यावर कोणी म्हणेल एवढ्या मोठ्या संख्या लागतात कोणाला. लागतात. इंटरनेटवरच्या सुरक्षेत जी आरएसए पद्धत वापरतात तिची किल्ली म्हणजे दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार, २०४८ बिटची किल्ली म्हणजे सहाशेच्या वर अंक, आणि तिचे मूळ अवयव काढणं कोणाला जमत नाही ह्याच भरवशावर ती उभी असते. पण अशा दोन किल्ल्यांचा मसावि मात्र कॉम्प्युटर चुटकीसरशी काढतो, कारण त्याला अवयव लागतच नाहीत. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरून लाखो सार्वजनिक किल्ल्या गोळा करून हेच केलं, आणि बऱ्याच किल्ल्यांमध्ये एक मूळ संख्या सामाईक निघाली. मसावि हाती आला की दोन्ही किल्ल्या फुटल्या. तर ह्या ॲपचा पहिला टॅब आणि शेवटचा टॅब ह्यांच्यातलं अंतर एवढं आहे, आणि पोरांना आपण पहिल्यावरच बसवून ठेवतो.

पण थांबा, भागाकाराचा टॅब पण मोठ्या संख्यांना आंधळा विश्वास ठेवण्यासारखा नाही. ९००७१९९२५४७४०९९३ आणि ३ टाका. अंकांची बेरीज करून बघा, ७८ येते, ७८ ला ३ ने भाग जातो, म्हणजे संख्येलाही जातो, म्हणजे मसावि ३ च यायला पाहिजे. ॲप म्हणतं १. नीट बघितलं तर पहिल्या ओळीत त्याने संख्या आपल्या मनाने ९००७१९९२५४७४०९९२ अशी केलेली दिसते, शेवटचा ३ चा २ झाला. ही संख्या म्हणजे २ चा ५३ वा घात. संख्या ठेवायला दशांशवाला साधा प्रकार वापरला की ह्याच्यापुढच्या सगळ्या पूर्ण संख्या त्यात मावत नाहीत, एक आड एक गळतात. हा काय खास ह्याच ॲपचा रोग नाही, पण मग सोळा अंकी संख्या घेऊच नका, "पंधरा अंकांपर्यंत" असं लिहा चौकटीखाली. पायथॉन ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत मॅथ डॉट जीसीडी आहे त्याला कितीही अंकी पूर्ण संख्या द्या, बरोबर उत्तर येतं, मोठं काम असेल तर तिथेच करा.

शून्याचा घोळ वेगळाच. पूर्ण संख्या म्हटल्या की शून्य आलंच. ० आणि १५ टाकलं तर ॲप म्हणतं मसावि ०. चूक. शून्याला शून्य सोडून कुठल्याही संख्येने निःशेष भाग जातो, त्यामुळे ० आणि १५ चे सामाईक विभाजक म्हणजे १५ चेच विभाजक, सगळ्यात मोठा १५. गंमत म्हणजे भागाकाराची पद्धत शेवटच्या ओळीत ह्याच गोष्टीवर तर थांबते, ५३ आणि ० असं झालं की ५३ जाहीर. म्हणजे स्वतःच्याच पद्धतीचा शेवट ॲपला माहीत नाही. ० आणि ० ला ० म्हणतं ते मात्र चालेल, तिथे सगळ्यात मोठा असा विभाजकच नसतो कारण प्रत्येक संख्या जाते, आणि ० धरायचं असं गणितवाल्यांनी ठरवलेलं आहे, पायथॉन पण ० च देतो.

तीन संख्यांचं जमलंय. "आणखी संख्या" दाबून ६, १०, १५ दिलं, कुठल्याही दोघांचा मसावि १ नाही पण तिघांचा १ आहे, असं फसवं त्रिकूट. आधी ६ आणि १० चा २, मग २ आणि १५ चा १, असं बरोबर दाखवलं. लसावि पण ३० बरोबर सांगितला, फक्त खाली छापील वाक्य तसंच राहतं की "संख्यांचा गुणाकार = मसावि × लसावि". दोन संख्यांना ते खरंय, तिघांना नाही, ६×१०×१५ होतात ९०० आणि १×३० होतात ३०, स्क्रीनवर दोन्ही एकाखाली एक दिसतायत तरी कोणाला खटकलं नाही म्हणजे बघा.

आता सरावाचा भाग, आणि इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण पोरं वेळ इथेच घालवतात. प्रश्नासाठी ॲप दोन संख्या अशाच कुठल्याही उचलतं. ऐकायला बरोबर वाटतं, पण कुठल्याही दोन संख्या उचलल्या तर त्या सहमूळ (म्हणजे मसावि १ असलेल्या) निघण्याची शक्यता ६ भागिले पायचा वर्ग, म्हणजे शंभरात साधारण ६१. म्हणजे शंभर प्रश्नांपैकी साठेक प्रश्नांचं उत्तर १! आणि मसावि २ येण्याची शक्यता ह्याच्या पाव, म्हणजे पंधराएक. दोन्ही मिळून चारातल्या तीन प्रश्नांना १ नाहीतर २. पोरं काय येडी नसतात, दोन्ही सम दिसले की २ दाबा नाहीतर १ दाबा, स्टार मिळतात, वरची लेव्हल उघडते, आणि गणित एक ओळ पण केलेलं नसतं. प्रश्न बनवायची रीत उलटी पाहिजे, आधी मसावि ठरवा, समजा १२, मग दोन सहमूळ संख्या घ्या, ५ आणि ७, गुणा, ६० आणि ८४ तयार. कोणीही शिकवणारा माणूस फळ्यावर गणित घालताना असंच करतो, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने एकदा विचारायचं तरी कोणाला.

पर्याय मात्र विचार करून दिलेत, हे कबूल. ६० आणि ८४ ला ४, ६, १२, ४२० असे चार पर्याय येतात. ६ दाबला तर नुसतं चूक म्हणत नाही, म्हणतो "६ ने दोघांनाही भाग जातो, पण भागून आलेल्या १० आणि १४ ला अजून कोणीतरी जातोय", आणि तिथून पोरगं स्वतः २ काढून १२ वर येतं. अर्ध्यात थांबणं हीच मसाविमधली नेहमीची चूक, आणि तिच्यावर नेमकं बोट ठेवलंय. उत्तर पूर्ण झालं का हे तपासायची रीत पण ह्यातच आली, दोन्ही संख्यांना उत्तराने भागा, आलेल्या दोघांचा मसावि १ असला की झालं. ४२० दाबला तर मात्र नुसता लाल रंग. तो लसावि आहे, आणि मसावि लहान संख्येपेक्षा मोठा कधीच असू शकत नाही, एवढं एक वाक्य तिथे टाकलं तर अर्ध्या वर्गाचा गोंधळ मिटेल.

अपूर्णांकाचं बटण चांगलंय, २२७९ छेद २४९१ दिलं की ५३ ने भागून ४३ छेद ४७ करून देतं, ते पण भागाकाराच्याच पद्धतीने. "थोडा इतिहास" नावाचं पान आहे त्यात ग्रीक गणितज्ञ युक्लिडचं नाव आहे, इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराचा, आणि त्याच्या ग्रंथाच्या सातव्या भागात ही पद्धत पहिल्याच दोन प्रमेयांत येते, हे बरोबर लिहिलंय. पण मराठी आवृत्तीत आर्यभटाचं नावही नाही ह्याचं वाईट वाटलं. ४९९ च्या सुमारास लिहिलेल्या आर्यभटीयात कुट्टक म्हणून जी रीत आहे तिच्यात हाच एकमेकांना भागत जाण्याचा खेळ आहे, फक्त तो मसाविवर थांबत नाही, बाक्या आणि भागाकार वापरून पुढे समीकरणं सोडवतो. दोन ओळी टाकायला काय जातंय.

जाहिराती. दर काही उत्तरांनंतर पूर्ण स्क्रीनभर एक येते, आणि खाली एक पट्टी कायम असते ती बरोबर शेवटच्या ओळीवर बसते, म्हणजे जिथे बाकी शून्य येते आणि मसावि ठरतो तीच ओळ झाकलेली. पैसे भरून बंद करता येतात म्हणे, मी भरले नाहीत. ॲप ऑफलाइन पूर्ण चालतं, त्यामुळे नेट बंद केलं की जाहिराती पण बंद.

पाचात तीन स्टार. भागाकाराचा टॅब आणि ते चौरसांचं चित्र एवढंच वेगळं ॲप असतं तर पाच दिले असते, सराव आणि शून्य ह्यांनी दोन खाल्ले. सेटिंगमध्ये "सुरुवातीचा टॅब" असा पर्याय आहे तो भागाकारावर करून ठेवा, सरावाचे प्रश्न ॲपकडून घेऊ नका, स्वतः बनवून द्या, संख्या पंधरा अंकांच्या आत आणि स्वल्पविरामाशिवाय टाका, आणि फोन एअरप्लेन मोडवर टाकून मगच पोरांच्या हातात द्या.